ऑनलाइन समूहात फोटो स्पर्धा घ्यायची आहे? मग भांडणं आधीच भांडून घ्या

‘फोटो १५ तारखेला रात्री १२ पर्यंत पाठवा.’

मी संयोजक म्हणून घेतलेल्या पहिल्याच स्पर्धेच्या घोषणेतलं हे वाक्य. वाचताना त्यात काही खटकलं नव्हतं. पण काही जणांनी १४ संपून १५ सुरू होते ती वेळ धरली, काहींनी १५ संपते ती. दोघं-तिघं दुसऱ्या देशांत राहणारे होते, त्यांचे १२ वेगळेच वाजत होते. शेवटी ‘जाऊ दे, सगळ्यांचे घेऊ’ म्हणालो आणि नेमका उशिरा आलेल्यांपैकी एक फोटो पहिला आला. फोटो चांगला होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. पण पुढचे दोन आठवडे समूहात फोटोवर चकार शब्द निघाला नाही. चर्चा चालली ती माझा आणि त्या सभासदाचा काय घरोबा आहे याची.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. ज्यावरून वाद होऊ शकतो ते सगळं पहिला फोटो हाती यायच्या आत ठरवून, लिहून, जाहीर करून टाकायचं. फोटो बघण्याआधी घेतलेला निर्णय हा नियम असतो. तोच निर्णय फोटो बघितल्यावर घेतला तर ती कुणाची तरी बाजू ठरते, मग तुमच्या मनात काहीही असो.

कामं वाटून घ्या, आणि कोण खेळणार नाही ते ठरवा

किमान तीन भूमिका वेगळ्या हव्यात. संयोजक फोटो गोळा करतो, त्यांना क्रमांक देतो आणि कुठला फोटो कुणाचा याची यादी स्वतःपाशी ठेवतो. परीक्षक फक्त क्रमांक टाकलेले फोटो बघतात. तिसरा माणूस हरकती ऐकतो, आणि तो या दोघांपैकी नसावा. समूह छोटा असेल तर हे काम एखाद्या ॲडमिनकडे देता येतं, मात्र त्यानं स्पर्धेत भाग घ्यायचा नाही.

संयोजक आणि परीक्षकांनी स्वतःचे फोटो पाठवायचे नाहीत. यात तडजोड नको. ‘मी स्वतःच्या फोटोला गुण देणार नाही’ हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण दुसऱ्याला कमी गुण देणं हेही स्वतःला जास्त देण्यासारखंच आहे. फारच हौस असेल तर निकालानंतर ‘स्पर्धेबाहेर’ असा शिक्का मारून फोटो टाका. घरातल्या माणसांचं काय, हेही लिहा. परीक्षकाचा भाऊ भाग घेणार असेल तर परीक्षक बदलणं सगळ्यात सोपं.

परीक्षक तीन किंवा पाच घ्या. समूहातल्या सर्वांत नावाजलेल्या फोटोग्राफरांनाच बसवायचा मोह होतो. मला तो पटत नाही. तरबेज माणसाला बहुधा स्वतःच्या वळणाचा फोटो आवडतो आणि तिघंही एकाच वळणाचे असले की निकाल घोषणेआधीच ओळखता येतो. एक तंत्र जाणणारा, एक चित्रं किंवा मांडणी जाणणारा आणि एक निव्वळ चोखंदळ बघणारा, अशी मोट बांधली तर वाद जास्त होतात पण निकाल जास्त टिकतो.

विषय असा द्या की खिसा जिंकणार नाही

अन्याय अनेकदा विषय निवडतानाच होऊन जातो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘जंगलातले पक्षी’ म्हटलं की लांब पल्ल्याची महाग लेन्स असलेले चार जण उरतात. ‘बर्फाची शिखरं’ म्हटलं की फिरणारे उरतात. ‘सावली’, ‘खिडकी’, ‘हात’, ‘वाट पाहणं’ असे विषय मोबाइल घेऊन घरात बसलेल्यालाही खुले असतात. फोन आणि कॅमेरा असे दोन गट करावेत का, असं नेहमी विचारलं जातं. मी करत नाही. विषय नीट निवडला तर गरज पडत नाही, आणि गट वाढवले की प्रत्येक गटात सात-आठ फोटो उरतात.

विषय दिल्यावर त्याची कुंपणं दोन-तीन ओळींत सांगा. ‘पाणी’ हा विषय होता तेव्हा एकीनं भेगा पडलेल्या कोरड्या जमिनीचा फोटो पाठवला. पाण्याचा अभाव हा पाणी या विषयात बसतो का? दोन परीक्षकांना तो सगळ्यात हुशार वाटला, तिसऱ्यानं शून्य दिलं. चूक तिघांचीही नव्हती, विषयच उघडा सोडला होता. आता मी लिहितो: ‘विषय थेट दिसला पाहिजे असं नाही, सूचक चालेल. शंका असेल तर फोटो स्पर्धेत राहील आणि विषयाशी असलेलं नातं परीक्षक आपल्या क्रमवारीत धरतील.’ म्हणजे विषयात न बसल्यामुळे कुणी बाद होत नाही, मागे पडू शकतं.

जुने फोटो चालतील का, हेही इथंच ठरवा. जुने चालत असतील तर ज्याच्याकडे दहा वर्षांचा साठा आहे तो पुढे असणार. स्पर्धेच्या काळातच काढलेला फोटो हवा म्हटलं तर सगळे एका रेषेवर येतात, पण ज्याला त्या पंधरवड्यात सुट्टीच नाही तो मागे राहतो. मी सहसा नवीनच मागतो आणि मुदतीत किमान दोन शनिवार-रविवार येतील असं बघतो.

नियमावली: एक पान, पण एकही फट नको

मुदत अशी लिहा: ‘रविवार, १५ तारीख, रात्री ११:५९’, आणि कुठल्या देशाची वेळ ते पुढे. रात्री १२ हा शब्दप्रयोगच टाळा. वेळ मोजायची ती पाठवणाऱ्याच्या घड्याळावरून नव्हे, फॉर्मवर नोंद झालेल्या वेळेवरून. दोन मिनिटं उशीर झालेला फोटो परत करताना जीव तुटतो. तरी परत करा.

प्रत्येकाला किती प्रवेशिका? एक किंवा दोन. पाच ठेवल्या की माणसं निवड करणं सोडून देतात आणि परीक्षकांवर ढीग येतो. एकदा पाठवलेला फोटो मुदतीआधी बदलता येईल का, हेही सांगा. मी एकदा बदलू देतो.

एडिटिंगचा परिच्छेद सर्वांत जपून लिहा. ‘जास्त एडिटिंग नको’ हे वाक्य कुचकामी आहे, कारण जास्त म्हणजे किती हे प्रत्येकाचं वेगळं. क्रियांची नावं घ्या. क्रॉप, फोटो सरळ करणं, उजेड आणि रंग कमी-जास्त करणं, कृष्णधवल करणं, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके पुसणं: चालेल. फोटोत नसलेली वस्तू घालणं, असलेली काढणं, आभाळ बदलणं: चालणार नाही. पॅनोरमा (शेजारशेजारचे फोटो जोडून केलेला रुंद फोटो) आणि एचडीआर (उजेड आणि सावली दोन्हींतले तपशील दिसावेत म्हणून अनेक फोटो एकत्र करून केलेला) यांचं काय ते स्पष्ट लिहा.

इथं एक गंमत आहे. ‘एकाच क्लिकचा फोटो हवा’ असा नियम जुन्या जाणत्यांना फार आवडतो, पण आजचे बरेच फोन नाइट मोडमध्ये स्वतःच अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींवर बसवतात. वापरणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणजे हा नियम फोनवाल्यांना नकळत गुन्हेगार ठरवतो. उलट, नको असलेला माणूस बोटानं गोल करून पुसण्याची सोय, जी गूगलनं २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत मॅजिक इरेजर नावानं दिली, ती वापरणाऱ्याला आपण काही वावगं केलंय असं वाटतच नाही. म्हणून ‘फोनमधल्या इरेजरनं वस्तू काढली तरी फोटो बाद होईल’ हे वाक्य जसंच्या तसं नियमात हवं.

एआयचंही तसंच. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सच्या एका गटात जिंकलेलं चित्र एआयनं केलेलं होतं. ते पाठवणाऱ्या जर्मन कलाकारानं स्वतःच बक्षीस नाकारलं आणि स्पर्धा अशा चित्रांसाठी तयार आहेत का हे बघायचं होतं, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी उलटा प्रकार झाला. एका स्पर्धेच्या एआय गटात एकानं फ्लेमिंगोचा अस्सल, कॅमेऱ्यानं काढलेला फोटो पाठवला. परीक्षकांनी त्याला तिसरं बक्षीस दिलं, लोकांच्या मतांतही तो जिंकला, आणि मग त्यालाही बाद केलं गेलं. अनुभवी परीक्षकांची नजर दोन्हीकडे चुकली. तेव्हा ‘बघून कळतंच की’ यावर विसंबू नका. मूळ फाइल मागण्याचा हक्क नियमांत राखून ठेवा.

हक्कांबद्दल दोनच वाक्यं पुरतात. फोटोचा मालक तो काढणाराच. समूहाला तो फक्त या स्पर्धेसाठी आणि निकालासाठी, नावासकट दाखवता येईल. ‘पाठवलेले सर्व फोटो आयोजकांच्या मालकीचे होतील’ असं काही स्पर्धांच्या नियमांत असतं. ते उचलून आणू नका. फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिची परवानगी घेण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, लहान मूल असेल तर त्याच्या पालकांची परवानगी त्यानंच घ्यायची. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो असेल तर ठिकाण जाहीर करायचं नाही.

बक्षीस छोटं ठेवा. महिनाभर समूहाच्या मुखपृष्ठावर फोटो, ही माझ्या मते पुरेशी शान आहे. पैशाचं बक्षीस आलं की बनवाबनवी वाढते, आणि प्रवेश फी घेतली की हिशेब आणि कायदेही मागून येतात.

फोटो घेणं आणि नाव झाकणं

फोटो समूहातच टाकायला सांगणं सर्वांत सोपं आणि सर्वांत वाईट. पहिल्या दिवशी आलेल्या फोटोला पंधरा दिवस टाळ्या मिळतात, शेवटच्या दिवशीच्या फोटोला एक संध्याकाळ. वर लोक एकमेकांचे बघून आपला फोटो बदलतात. फॉर्म किंवा वेगळा ईमेल पत्ता ठेवा, आणि मुदत संपेपर्यंत कुणाचाच फोटो कुणाला दाखवू नका.

व्हॉट्सॲपवरून घ्यायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि एक्झिफ, म्हणजे तारीख, कॅमेरा, लेन्स यांची फाइलमधली नोंद, निघून जाते.

आता नाव झाकणं. वॉटरमार्क नको हे सगळे लिहितात, पण नाव आणखी तीन ठिकाणांहून फुटतं. एक, फाइलचं नाव. दोन, एक्झिफ: काही कॅमेऱ्यांत मालकाचं नाव आणि कॅमेऱ्याचा अनुक्रमांकही नोंदलेला असतो, फोनच्या फोटोत ठिकाण असू शकतं. तीन, फोटोखालची ओळ: ‘माझ्या लेकीचा पहिला पाऊस’ असं लिहिलं की समूहातल्या सगळ्यांना कळतं कोण ते. म्हणून संयोजकानं मूळ फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये जपायची, आणि परीक्षकांसाठी वेगळी प्रत काढायची. लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंग एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनवर चालणारी रंगांची नेहमीची पद्धत), एक्झिफ पुसलेलं, नाव ००१, ००२ असं. क्रमांक आलेल्या क्रमानं देऊ नका, यादी आधी यादृच्छिक करून घ्या. स्प्रेडशीटमध्ये हे मिनिटाचं काम आहे.

चौथी फट बुजवता येत नाही. समूहात आधी टाकलेला फोटो परीक्षकाला आठवणारच. म्हणून ‘समूहात पूर्वी न दाखवलेला’ ही अट घाला, आणि परीक्षकाला फोटो ओळखू आला तर त्यानं फक्त संयोजकाला सांगायचं. त्या फोटोपुरतं त्याच्या जागी राखीव परीक्षक बघतो.

तपासणी निकालाआधी, निकालानंतर नव्हे

विजेत्याला बाद करणं हा स्पर्धेतला सर्वांत कडू प्रसंग. मोठमोठ्यांनाही तो चुकलेला नाही. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो सर्वोत्तम ठरला. तो लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा असा निष्कर्ष पुढे परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. फोटोग्राफरनं आरोप नाकारला. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमी-छायाचित्रांच्या स्पर्धेनं ही तपासणी निकालाच्या आधी आणली आहे. तिथं शेवटच्या टप्प्यांत पोचलेल्यांकडून मूळ फाइल मागवतात, आणि २०१५ साली उपांत्य फेरीतले सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाजूला काढावे लागले होते.

आपल्यासारख्यांनी सगळ्या साठ-सत्तर फोटोंच्या मूळ फाइल मागवायची गरज नाही. सगळ्यांचा उलटा शोध घ्या: गूगल लेन्स किंवा टिनआय वर फोटो टाकला की तो आधी कुठे प्रसिद्ध झालाय का ते बरंचसं कळतं. शेवटच्या फेरीत पोचलेल्या दहा-पंधरांकडून मात्र कॅमेऱ्यातून निघालेली फाइल मागा, रॉ (कॅमेऱ्यानं काहीही प्रक्रिया न करता साठवलेली फाइल) असेल तर ती, नाहीतर न कापलेली जेपेग. त्याच प्रसंगाचे आगेमागे काढलेले दोन-तीन फोटो मागणं तर फारच गुणकारी. खरा फोटो काढणाऱ्याकडे ते बहुतेक वेळा असतात.

एक्झिफवर आंधळा विश्वास मात्र नको. एका सभासदाच्या फोटोवर आठ वर्षांपूर्वीची तारीख दिसली आणि मी त्याला बाद करायच्या बेतात होतो. त्यानं शांतपणे कॅमेऱ्याचा फोटो पाठवला. बॅटरी पूर्ण उतरल्यावर घड्याळ मूळपदावर गेलं होतं आणि त्यानं ते लावलंच नव्हतं. तारीख बदलताही येते, चुकतेही. ती शंका घ्यायला पुरेशी आहे, शिक्षा द्यायला नाही.

शंका आली की आधी खासगीत विचारा, आणि आरोपाचा सूर नको. मी असं लिहितो: ‘नमस्कार. तुमच्या प्रवेशिकेबद्दल एक माहिती हवी होती. नियम ६ प्रमाणे शेवटच्या फेरीतल्या सगळ्यांकडूनच मूळ फाइल घेत आहोत. बुधवारी रात्री ९ पर्यंत पाठवाल का? काही अडचण असेल तर कळवा.’ ‘सगळ्यांकडूनच’ हा शब्द खरा असला पाहिजे. तो असला की माणूस दुखावत नाही.

गुणांची बेरीज करू नका

बहुतेक ठिकाणी दहापैकी गुण देऊन बेरीज करतात. त्यात काय होतं ते तीन फोटोंवर दाखवतो.

पहिला परीक्षक हात आखडता. तो ‘क’ला ८, ‘ग’ला ७, ‘ख’ला ६ देतो. तिसराही तसाच: ‘क’ ७, ‘ग’ ६, ‘ख’ ५. दुसरा मात्र भरभरून देणारा आणि तितकाच कठोर. ‘ख’ त्याला फार भावला, १०. ‘ग’ ७. ‘क’ ५. आता बेरीज करा: क २०, ख २१, ग २०. म्हणजे जो फोटो तिघांपैकी दोघांनी शेवटचा ठरवला तो पहिला आला! दुसऱ्या परीक्षकानं लबाडी केली नाही, त्याची फूटपट्टी फक्त लांब होती. लांब फूटपट्टीवाल्याचं मत बेरजेत जड होतं.

त्याऐवजी क्रम लावायला सांगा. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. मग क ७, ग ६, ख ५, आणि परीक्षकांनी म्हटलं होतं तेच निकालात उतरतं. ही युक्ती नवी नाही. फ्रान्समध्ये बोर्दा नावाच्या गणितज्ञानं १७७० च्या सुमाराला ती मांडली आणि आजही ती त्याच्या नावानं ओळखली जाते.

साठ फोटोंचा क्रम लावणं कुणालाच जमत नाही, म्हणून दोन फेऱ्या. पहिलीत प्रत्येक परीक्षक नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. तिघांपैकी दोन ‘हो’ आले की फोटो पुढे. उरलेल्या दहा-पंधरांचा क्रम. प्रत्येक परीक्षकाला फोटो वेगळ्या क्रमानं पाठवा, कारण चाळिसाव्या फोटोपाशी सगळ्यांचेच डोळे थकतात, आणि थकव्याचा फटका नेहमी त्याच फोटोंना बसायला नको. दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी नकोत. क्रम संयोजकाच्या हाती येईपर्यंत परीक्षकांनी आपसात बोलायचं नाही. एक मोठ्या आवाजाचा परीक्षक ग्रुप कॉलवर दोघांना सहज ओढत नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बरोबरी झाली तर? ज्याला जास्त परीक्षकांनी पहिला क्रम दिला तो पुढे. तिथेही बरोबरी असेल तर बक्षीस वाटून द्या. हे मात्र नियमावलीत आधीच हवं.

सभासदांचं मतदान घ्यायचं असेल तर

लाइक मोजणं म्हणजे मतदान नव्हे, ती ओळखी मोजणं आहे. लोकांची पसंती हवीच असेल तर तिचं बक्षीस वेगळं ठेवा. परीक्षकांचे ७० टक्के, लोकांचे ३० टक्के अशी खिचडी केली की दोन्हीकडचे लोक नाराज होतात आणि आकडा कुठून आला हे कुणालाच उलगडत नाही.

मत फॉर्मवर, गुप्त, आणि मुदत संपेपर्यंत आकडे झाकलेले. चालू आकडे दिसले की लोक जिंकणाऱ्याच्या मागे जातात किंवा हरणाऱ्यासाठी मित्र गोळा करतात. प्रत्येकानं नेमके तीन फोटो निवडायचे, स्वतःचा सोडून. एकाच फोटोला मत देऊन बाकीचे कोरे सोडायची मुभा दिली तर मित्रमंडळींच्या झुंडीचं फावतं. शक्य असेल तर फॉर्ममध्ये फोटो प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमानं दिसू द्या.

आणि मतदार कोण? स्पर्धा जाहीर व्हायच्या आधी सभासद झालेलेच. ही एक ओळ बनावट खात्यांचा बराचसा बंदोबस्त करते. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटो-भांडारात, २००६ पासून वर्षातला सर्वोत्तम फोटो निवडतात. तिथंही ठरावीक तारखेआधीचं खातं आणि किमान ७५ संपादनं असल्याशिवाय मत देता येत नाही.

निकाल

निकालाबरोबर तक्ताही टाका: कुठल्या परीक्षकानं शेवटच्या फेरीत कुठल्या फोटोला कितवा क्रम दिला. परीक्षकांना संकोच वाटत असेल तर नावाऐवजी अ, ब, क लिहा. मतभेद दिसले तर दिसू द्या. तिघांचं तंतोतंत एकमत झालं तर मलाच शंका येते. पहिल्या तिघांबद्दल परीक्षकांनी दोन-चार वाक्यं लिहावीत, पण ‘अप्रतिम’ सोडून काहीतरी. जे पुढच्या फेरीत गेले नाहीत त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर खासगीत अभिप्राय द्यावा, न विचारता नको.

आधी ‘तात्पुरता निकाल’ म्हणून जाहीर करा आणि हरकतीला तीन दिवस ठेवा. हरकत लेखी, फोटोचा क्रमांक आणि नियमाचा क्रमांक देऊन, त्या तिसऱ्या माणसाकडे. ‘मला दुसरा जास्त आवडला’ ही हरकत नाही. ‘००७ मधला चंद्र त्याच सभासदाच्या जुन्या फोटोतल्या चंद्रासारखा हुबेहूब आहे’ ही आहे. फोटो बाद ठरला तर खालचे एकेक पायरी वर सरकतील, फेरपरीक्षण होणार नाही.

सगळा खटाटोप धरून महिना लागतो: घोषणा आणि शंकांना एक आठवडा, फोटोंना दोन, तपासणी आणि परीक्षणाला एक, वर हरकतीचे तीन दिवस. अंतिम निकाल लागला की बक्षीस न मिळालेल्यांच्या मूळ फाइल पुसून टाका आणि तसं समूहात कळवा. नियमावलीची प्रत मात्र ठेवा, आणि ज्या ज्या ओळीवर या वेळी कुणी प्रश्न विचारला तिच्यासमोर तो प्रश्न लिहून ठेवा. माझ्या पहिल्या नियमावलीत सात ओळी होत्या. आता एकतीस आहेत, आणि प्रत्येक वाढीव ओळीमागे कुठल्या सभासदाचा संताप आहे ते मी तोंडपाठ सांगू शकतो.